मनकर्णाबाईची चूल आणि गोदाबाईचा हंडा

बडनेऱ्याच्या खाली, काळ्या रानातल्या त्या गावात कुणाचं हाड मोडलं, कुणी बाळंतीण झाली किंवा तापातून उठलेल्या म्हाताऱ्याला भाकरी चावेनाशी झाली, की घरचं माणूस पितळी गडवा घेऊन नत्थुजींच्या गोठ्यामागे यायचं. तिथं निंबाखाली त्यांच्या बायकोची, मनकर्णाबाईची चूल होती. सासरे माळकरी. घरातल्या चुलीवर मटणाचा वास त्यांना खपत नसे. म्हणून त्यांनी तेवढी मागची जागा सुनेला सोडून दिली होती, आणि तिथं दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नव्हता.

हाडांचा रस्सा मनकर्णाबाईनंच करावा, असं गावच म्हणायचं. खाटकाकडून बकऱ्याच्या नळ्या आणि खुरं यायची. खुरं कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजून ती खरवडून काढायची. नळ्या कुऱ्हाडीच्या पाठीनं बेतानं फोडायची. आतला मगज उघडा पडला पाहिजे, पण चुरा होता कामा नये. मग मातीच्या हंडीत नळ्या, पाणी, हळद, सुंठ, मिरे आणि मीठ. झाकण ठेवून कडेनं कणीक लिंपायची, आणि दळण आटोपल्यापासून दिवेलागणीपर्यंत खाली निखारा ठेवायचा. जाळ भडकू द्यायचा नाही. थंडीत उरलेला रस्सा सकाळपर्यंत थिजून खरवसासारखा थरथरायचा. तो वाटीत हलवून दाखवताना मनकर्णाबाईचा चेहरा बघण्यासारखा असे.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई लागली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता, आणि अमरावतीच्या बाजारात वऱ्हाडच्या गाड्यांची रांग हटत नव्हती. नत्थुजी शेती पाहायचे. त्यांचा धाकटा भाऊ सूर्यभान गाडी हाकायचा. रेल्वेची सडक अकोल्याकडून पुढं सरकत होती, तिथं त्याला खडी वाहायचं काम लागलं. एका साहेबाचा तंबू उठला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि सूर्यभान एक जाडजूड लोखंडी हंडा गाडीत घालून घरी आला.

असला हंडा गावात कुणी पाहिला नव्हता. झाकण ठेवून फिरवलं की ते काठाच्या खाचांत घट्ट बसायचं. झाकणाला मधोमध एक भोक होतं आणि भोकावर लोखंडाचा लहानसा गोळा. आत पाणी उकळलं की वाफ गोळ्याला उचलून फुस्स करायची आणि गोळा पुन्हा खाली बसायचा. साहेबाच्या खानसाम्यानं सूर्यभानला सगळं समजावून दिलं होतं, आणि सूर्यभाननं ते आपल्या बायकोला, गोदाबाईला.

गोदाबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापायला मनकर्णाबाईनंच शिकवलं होतं. आता तिनं निंबाच्या दुसऱ्या अंगाला तीन दगड मांडले, हंडा चढवला आणि मोठा जाळ घातला. घरातल्या भाकऱ्या होईस्तोवर नळ्यांवरचं मांस गळून पडलं होतं.

"बाई, चाखून पाहा ना," ती वाटी घेऊन आली.

मनकर्णाबाईनं घोट घेतला. रस्सा दाट होता, ओठाला चिकटत होता. वाईट लागला असता तर तिला किती बरं वाटलं असतं!

"लोखंडाचा वास येते," ती म्हणाली आणि वाटी खाली ठेवली.

त्या हिवाळ्यात लोकांचे गडवे एकेक करून निंबाच्या पलीकडच्या अंगाला जाऊ लागले. दिवसभर वाट पाहण्यापेक्षा तासाभरात मिळालेलं कुणाला नको? गोदाबाईही काही कमी नव्हती. "साहेबाचा हंडा हाये, मातीचं मडकं नाई," असं ती पाणवठ्यावर मोठ्यानं बोलायची. घरात भाकरी थापताना बाहेरून ते फुस्स-फुस्स ऐकू आलं, की मनकर्णाबाईचा हात परातीत जोरानं आपटायचा. हंड्याला तडा जावा, लोखंड गंजावं, असं तिच्या मनात येई. मग आपल्याच मनाची तिला लाज वाटे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तरी तिनं सोसलं. पण माघात तिची लेक रुख्मिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. लेकीसाठी मनकर्णाबाईनं निवडून नळ्या आणल्या, निखाऱ्याशी बसून राहिली, आणि संध्याकाळी रस्सा गाळून खोलीत नेला. रुख्मिणी वाटी घेऊन पुरता घोट प्यालीही नाही.

"माय, तू काहून एवढा तरास घेतं? काकी दुपारीच देऊन गेली. तिच्या हंड्यातला लय चांगला लागते वं. उद्या तिचाच दे मले."

मनकर्णाबाई उठली. वाटी उचलून बाहेर आली आणि रस्सा कुत्र्यापुढं ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाई अंघोळीला गेली तेव्हा तिनं हंड्याच्या झाकणावरचा गोळा काढून घेतला, पदराखाली धरला आणि पाण्याला जाण्याचं निमित्त करून आडात टाकला. डुबुक एवढाच आवाज झाला. घरी येताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

गोदाबाईनं गोळा सगळीकडं शोधला. चुलीतली राख उपसली, शेजारच्या पोरांना दटावलं. मग म्हणाली, "जाऊ द्या. भोक बुजवलं म्हणजे झालं." तिनं बाभळीची खुंटी तासली, तिला चिंधी गुंडाळली आणि दगडानं ठोकून भोकात बसवली. हे तिनं केलं तेव्हा मनकर्णाबाई घरात कणीक मळत होती.

बाहेर जाळ लागल्याचा वास आला. मनकर्णाबाई कान देऊन बसली. फुस्स आवाज येत नव्हता. हंडा चालत नाही, असं समजून ती मनात हसली. पण आवाज नाही तरी जाळ मात्र पेटलेलाच आहे, हे लक्षात आल्यावर तिनं मागच्या दारातून डोकावलं. भोकात खुंटी दिसली.

तिच्या स्वतःच्या हंडीची कणीक जाळ वाढला की एका जागी फाटायची आणि तिथून वाफ निघून जायची. कितीदा तरी तिनं ती फट पुन्हा लिंपली होती. या लोखंडाला फाटायला जागाच नव्हती. आणि गोदाबाई चिमटा घेऊन त्याच्यावर वाकली होती.

"गोदे, सर! मांगं सर!"

"काय झालं वो बाई?"

मनकर्णाबाई कणकेच्या हातानंच धावली. तिनं गोदाबाईचा दंड धरून तिला ओढलं, दोघी गोठ्याच्या भिंतीशी कोलमडल्या, आणि त्याच क्षणी तोफ उडावी तसा आवाज झाला. झाकण निंबाची फांदी मोडून शेणाच्या ढिगाऱ्यात जाऊन पडलं. बैलांनी दावी तोडली. उकळता रस्सा मनकर्णाबाईच्या उजव्या हातावर आणि मानेवर उडाला होता. गोदाबाईच्या अंगावर थेंबही नव्हता.

गाव लोटलं. मोठ्या जावेनं जीवावर उदार होऊन धाकटीला वाचवलं, असं जो तो म्हणू लागला. माळकरी सासरे खाटेशी येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. इतके दिवस हंड्याचं कौतुक ऐकून ती जळत होती. आता सगळं कौतुक तिच्या वाट्याला आलं होतं आणि घशाखाली उतरत नव्हतं.

गोदाबाई तर तिच्यापासून हलेना. हाताला लोणी लावायची, घास भरवायची. मातीच्या हंडीत तिनं रस्साही केला. तो खाली लागला होता. "तुमच्यासारखा नाई जमत मले," म्हणाली. मनकर्णाबाई तो जळका रस्सा निमूटपणे प्याली.

एकदा दुपारी गोदाबाई तिचे केस विंचरत होती. पाठमोरी बसलेली मनकर्णाबाई एकाएकी म्हणाली, "तो गोळा म्या आडात टाकला."

फणी थांबली.

"काहून?"

"पोरीनं तुह्या हातचा रस्सा मागितला म्हणून."

"मी मेली असती, बाई."

"हाव. मले असं होईन हे मालूम नव्हतं. पण तुहा हंडा बंद पडावा, असंच माह्या मनात होतं."

गोदाबाईनं फणी खाली ठेवली आणि अर्धे केस तसेच सोडून निघून गेली. तिनं गावात कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला मात्र सांगितलं. पुढं आगगाडी सुरू झाली तेव्हा सूर्यभान अकोल्याच्या स्टेशनावर कामाला लागला आणि बिऱ्हाड तिकडं हललं. निघताना गोदाबाई सासऱ्यांच्या पाया पडली, नत्थुजींच्या पडली, आणि मनकर्णाबाईसमोरून सरळ गाडीत जाऊन बसली.

गडवे पुन्हा मनकर्णाबाईच्या चुलीशी येऊ लागले. पण आता कुणी रस्सा चांगला झाला म्हटलं, की ती विषय बदलायची.

लढाई संपली, कापसाचा भाव बसला, सासरेही गेले. मग एका उन्हाळ्यात सूर्यभान स्वतः आला. इतक्या वर्षांनी गोदाबाईला पहिल्यांदाच दिवस गेले होते, ते आता भरत आले होते, आणि तिच्या माहेरी बाळंतपण करणारं कुणी उरलं नव्हतं.

"वयनी, ती म्हणते, बाईले घेऊन या."

"रागानं म्हणली का खुशीनं?"

"तेवढं म्या नाई इचारलं."

मनकर्णाबाई पहिल्यांदाच आगगाडीत बसली. मांडीवर मातीची हंडी होती, ती तिनं अकोला येईपर्यंत सोडली नाही. पोचली तेव्हा गोदाबाई बाळंत झालेली होती आणि शेजारच्या खोलीतली पार्बताबाई तिला वाटीनं रस्सा पाजत होती. गोदाबाई मिटक्या मारत पीत होती.

मनकर्णाबाईच्या छातीत तीच जुनी कळ उठली. हंडी दारातच ठेवून परत फिरावं, असं तिला वाटलं.

"आल्या का बाई," गोदाबाई म्हणाली. एवढंच. पण तिनं पोराला उचलून तिच्या मांडीवर दिलं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं आपली हंडी चढवली. गोदाबाई सकाळी पार्बताबाईचा रस्सा प्याली, संध्याकाळी जावेचा प्याली, आणि दोन्ही वेळा "चांगला हाये" म्हणाली. मनकर्णाबाईनं त्या दोन्ही "चांगला"मधला फरक कान देऊन शोधला. तिला तो सापडला नाही. चार दिवस ती धुमसत राहिली. पाचव्या दिवशी पार्बताबाई वाटी घेऊन आली तेव्हा मनकर्णाबाईनं ती तिच्या हातातून घेतली, बोटावर थेंब घेऊन चाखला आणि विचारलं, "यात काय टाकतं वं तू?"

"मेथीदाणे, जरासे भाजून. काहून, कडू लागला?"

"नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "चांगला लागला." आणि पदराच्या टोकाला बांधून न्यायला तिनं मूठभर मेथी मागून घेतली.