साळिंदराची पाठ

सिंगापूरला रात्रीचं प्राणिसंग्रहालय बघायला जाताना मी घरून बॅटरी नेली होती. साधीसुधी नाही, पाच सेलची. उसाला रात्रीचं पाणी पाजताना पाट कुठं फुटलाय ते बांधावरून दाखवणारी. कार्यक्रमात 'रात्री जंगल' एवढं वाचलं होतं, आणि आमच्याकडचा माणूस रात्री घराबाहेर पडताना एक वेळ चप्पल विसरेल, पण बॅटरी विसरणार नाही. फाटकापाशी रांगेत उभा असताना सेल उतरलेत की काय म्हणून मी बटण दाबलं. उजेड थेट तिकीट तपासणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत. त्यांनी एका हाताने डोळे झाकले आणि दुसरा हात माझ्यापुढे पसरला. बॅटरी जमा झाली आणि बदल्यात मला पत्र्याचा एक बिल्ला मिळाला. इतक्या लांब येऊन मी चाचपडतच जंगलात शिरलो.

माझ्यासारखा माणूस सिंगापुरात करत काय होता, तर फुकट आला होता. कराडला माझं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. नव्वदच्या दशकात औषधकंपन्यांना आम्हा दुकानदारांना परदेश दाखवायची लहर आली होती. वर्षभर त्यांचा माल खपवायचा, मग त्यांनी आम्हाला जोडीने विमानात बसवायचं. सातारा-सांगलीकडचा आमचा सगळा तांडा नव्या सफारी सुटांत, बायका नव्या साड्यांत, पिशव्यांत चिवड्याचे डबे. पुढे कंपनीचा एक तरुण अधिकारी, हातात मिटलेली लाल छत्री झेंड्यासारखी धरून. बोंडअळीपासून उंदरापर्यंत हलणारं ते सगळं मारायची औषधं विकणाऱ्या माणसांना प्राणिप्रेम शिकवायला नेत होते. पण हे त्या अधिकाऱ्याला सुचलं नाही आणि आम्हाला सुचून उपयोग नव्हता.

बायकोने या अख्ख्या सहलीत एकच गोष्ट मागितली होती. तिचं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर. तिथे रताळी आणि भुईमूग लावले की राखणीला बसावं लागतं. लग्नाआधी ती वडिलांबरोबर रानातल्या उंच माळ्यावर बसायची. खाली अंधारात साळिंदर यायचं. काट्यांचा खुळखुळ आवाज आला की डबा बडवायचा आणि ओरडायचं. मग पळणारी पाठ तेवढी दिसायची. सकाळी वरंब्यात एखादा काटा पडलेला सापडायचा. तसला एक काटा ती सासरी घेऊन आली होती आणि रोज त्यानेच भांग पाडायची. पण ज्याचा काटा, त्या जनावराचं तोंड काही तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"आवं, साळिंदर असंल का तितं?" हे तिने बॅग भरताना विचारलं, विमानात विचारलं. हॉटेलात मला विचारणं सोडून तिने अधिकाऱ्यालाच गाठलं.

"मॅडम, लायन आहे, टायगर आहे, हिप्पो आहे!"

"ते असू द्या. साळिंदर हाय का?"

त्याने कुठल्याशा कागदावर बघितलं. "आहे ना मॅडम. पायवाटेवर, शेवटी."

त्यावर ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

आता त्या जंगलाविषयी. जंगल कसलं, पाहुण्यांसाठी झाडून ठेवलेली परसबाग. झाडांत दिवे लपवलेले, चांदणं पडलंय असं वाटावं म्हणून. खरं चांदणं वर होतंच, पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? हवा तर अशी, की साखर कारखान्यात रस उकळतो तिथे कुणी कोंडून घातलंय. माझा सफारी सूट अंगाला असा चिकटला, की तो पुढे उतरवायचा की सोलायचा हा प्रश्न पडला. एका बिनदाराच्या लांबलचक गाडीत आम्हाला बसवलं आणि एक बाई ध्वनिक्षेपकातून कुजबुजायला लागली. प्राण्यांना त्रास होऊ नये म्हणून कुजबुज, आणि ती आम्हाला ऐकू यावी म्हणून कर्णा. असली अक्कल फक्त पगारी माणसांनाच सुचते.

पहिल्यांदा हरणं आली. गाडीतल्या परदेशी लोकांनी श्वास रोखून धरले. आमच्याकडे हीच हरणं हरभऱ्यात शिरली की लोक वेगळ्या कारणाने श्वास रोखतात. सिंह झोपला होता. तो दिवसाही झोपतो, ते बघायला रात्रीचं कशाला यायचं? मग एक जनावर आलं, डुकराला हत्तीची अर्धी सोंड लावून दिल्यासारखं. आणि मग गवा. कुजबुजणारी बाई गव्यावर फारच हळवी झाली. आमच्या मागच्या बाकावर तासगावचे एक दुकानदार बसले होते. द्राक्षबागांना औषधं विकून विकून त्यांना कशाचंच नवल उरलं नव्हतं.

"ही बया आमच्या मेव्हण्याच्या गव्यांनी तुडवलेल्या भातात आणून सोडा म्हनावं," ते म्हणाले. "मग बोल म्हनावं असं लाडंलाडं."

"आणि रानडुक्कर?" मी म्हणालो. "ते तिकीट काढून बघायचं? आमच्या भुईमुगात कळपच्या कळप शिरला होता. एका रात्रीत हाकलून लावला." प्रत्यक्षात त्या रात्री डबा कुणी बडवला, हा तपशील मी गाळला. बायकोने माझ्याकडे बघितलं, पण क्षणभरच. तिचं लक्ष पायवाटेकडे होतं.

गाडी थांबली. पायवाटेला लागल्यावर बायको आम्हा सगळ्यांच्या पुढे गेली. नवऱ्यापुढे चालायचं नाही, असं माहेरून शिकून आलेली बाई. सगळ्यांत शेवटी एक बुटकं पत्र्याचं कुंपण होतं. त्यापलीकडे झाडांखाली मातीचा उंचवटा, त्याला एक बीळ आणि बिळाशेजारी पाटावर मांडल्यासारखी रताळी.

साळिंदर बाहेरच होतं. आमच्याकडे पाठ करून निवांत कुरतडत बसलं होतं.

बायको कुंपणाला टेकून उभी राहिली. तिने पदर तोंडाशी धरला होता. मी आणि तासगावकर जरा मागे, जांभया देत. ह्यात बघायचं काय, रताळी खाणारं साळिंदर तर आपण फुकट पोसतो, एवढं आमचं बोलणं झालं. तिने मागे न बघता हाताने आम्हाला गप्प केलं. मग ते जनावर थांबलं. काटे हलले. खुळखुळ. ते सावकाश आमच्याकडे वळायला लागलं. कान दिसला, गालाची कड दिसली.

पुढचं मी केलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते माझ्या अंगाने केलं. अंधार, रताळी आणि तो खुळखुळ. लहानपणी चुलत्यांबरोबर माळ्यावर बसवून अंगात जे भरलं होतं, ते सिंगापुरात बाहेर आलं.

"हाऽऽड! हाऽऽड!" मी ओरडलो. पुढे धावून दोन्ही हातांनी कुंपणाचा पत्रा बडवला.

"हाऽऽड रं!" तासगावकरही मागून तेवढ्याच जोराने. मी एकटाच गाढव नव्हतो, एवढाच त्यात दिलासा.

साळिंदराने काटे फुलवले, गर्रकन पाठ फिरवली आणि ते बिळात गेलं. जगात कुठेही गेलं तरी साळिंदराला एवढं मराठी कळतं. शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्या बाईने आपलं मूल पोटाशी धरलं. कंपनीचा अधिकारी छत्री घेऊन धावत आला आणि "सर, सर, सर" याच्यापलीकडे त्याला शब्द सुचला नाही. तेवढ्या वेळात मी बायकोकडे बघायचं टाळलं.

ती हलली नाही. बिळाकडे बघत उभीच राहिली. अधिकारी म्हणाला, "मॅडम, बस सुटेल." ती म्हणाली, "थांबा वाईच." तो थांबला. बीळ काळंच राहिलं. मग दोन-तीन दुकानदारांच्या बायका तिला हाताला धरून घेऊन गेल्या, दुखवट्याच्या घरातून नेतात तशा.

फाटकाशी मी बिल्ला दिला. मघाच्याच बाईंनी बॅटरी दोन्ही हातांनी माझ्या हवाली केली, तोंड जमिनीकडे करून. बॅटरीचं, त्यांचं नव्हे.

बस हॉटेलकडे निघाली. तासगावकर झोपेचं सोंग घेऊन पुढच्या बाकावर पडले होते. मी दोनदा खाकरलो. उद्या पक्ष्यांच्या बागेत जाऊ, म्हणालो. चिवडा काढू का, म्हणालो. बायको खिडकीबाहेर त्या धुऊन ठेवल्यासारख्या रस्त्यांकडे बघत राहिली. हॉटेलचे दिवे दिसायला लागले, तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"आपल्या भुईमुगात डुकरं शिरली तवा तुमाला हाका मारून मारून माझा घसा बसला," ती म्हणाली, "पर कूस बदलली न्हाईसा. आनि हितं परमुलखात दुसऱ्याची रताळी तेवढी राखलीसा."