भोकं पाडलेला उजेड: शारजातला एक शनिवार

वहिनी परत जायचं तिकीट शोधतेय, हे दादाने फोनवर इतकं हळू सांगितलं की शनिवारी सकाळीच मी दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधून शारजाला निघाले. वहिनी सहा महिन्यांपूर्वी चिपळूणहून दादाच्या शारजातल्या अल नहदाच्या फ्लॅटमध्ये आली. खिडकी पश्चिमेची, ऊन आत येऊ नये म्हणून सगळ्यांसारखंच दादाने काचेला अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून टाकलेलं. दिवसभर ट्यूबलाइट.

"दुपार आहे की रात्र, कळत नाही गं, केतकी," वहिनी दारातच म्हणाली.

तुम्हीही दुबईहून शारजाला जाणार असाल तर लवकर निघा, नंतर दोन्हींच्या बॉर्डरवरचा ट्रॅफिक घाम काढतो. वाटेत करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घ्या. दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये. एवढं कन्व्हर्ट करा आणि मग रुपयांचा हिशेब खलास.

शारजातल्या एका म्युझियममध्ये एका जर्मन कलाकाराचं जन्मभराचं काम मांडलंय. एन्ट्री फ्री.

"चित्रं बघून काय होणारे?" वहिनी.

"एसी आहे."

"मग चल."

पहिल्या खोलीत त्याचं लहानपण. युद्ध चालू, विमानांना घर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळा कागद. युद्ध संपलं, पोरगा चित्रकला शिकला, आणि रंग सोडून पुठ्ठ्याला भोकं पाडून मागे दिवा लावायला लागला. लोक हसले. दुसऱ्या खोलीत भोकाभोकांचे पत्र्याचे डबे, आत बल्ब, मोटरवर फिरणारे. तिसरीत म्हातारपण: वाळवंटात रोवलेल्या आरशांचे फोटो. आख्खं आयुष्य एकाच नादात!

दुसऱ्या खोलीतून वहिनी हलेना. ठिपके छतावरून सरकत तिच्या ओढणीवर आले.

"आई, यू हॅव स्टार्स ऑन युअर नोज!" भाची मिनू ओरडली.

"मॅडम, उधर और भी है," गार्ड म्हणाला.

"दो मिनिट, भैया." मग वहिनी मला म्हणाली, "युद्ध संपल्यावर खिडकीचा कागद काढला असेल ना गं? तरी हा भोकंच पाडत बसला?"



घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि फॉइलला टोचायला लागली. खाली मिनू, वर मी. चारच्या उन्हाचे सोफ्यावर, फ्रिजवर, भिंतीवरच्या गणपतीवर ठिपके पडले.

दादा भाजी घेऊन आला. "अगं, घराची भट्टी होईल!"

"होऊ दे. अहो, जरा डावीकडे सरका. टकलावर छान दिसतायत."

दादा सरकला. पिशव्या हातात तशाच.

माझ्या फ्लॅटला भिंतभर काच आहे आणि मी आल्यापासून ब्लाइंड्स बंदच. परत आल्यावर ते उघडले. समोर दुसरी बिल्डिंग, तिच्या अर्ध्या खिडक्यांना फॉइल. आधी हे चकाकणं मला दरिद्री वाटायचं. आता वाटतं, किती जागा आहे टोचायला.

तिकिटाचं काय, ते विचारायची हिंमत झाली नाही. बुधवारी वहिनीचाच व्हॉइस मेसेज आला, मागे मिनूचा दंगा: "केतकी, घर तापतंय खरं, पण दुपार कळते. पिनेची भोकं फार बारीक पडतात गं. इथे दाभण कुठे मिळेल?"