होनोलुलूचा राजवाडा आणि आईचा हार

"अमेरिकेत राजवाडा आहे," असं मी म्हणाले तेव्हा आई वेस्ट विंडसरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मेथी निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "राजा कुठला?"

"आता कुणी नाही. शेवटी राणी होती. तिला तिच्याच वाड्यात कोंडून ठेवलं होतं."

मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. "मग बघायला पाहिजे," ती म्हणाली. बाबा गेल्यापासून तिनं कशालाही 'पाहिजे' म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी लगेच तिकिटं काढली.

बाबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. साताऱ्याहून आत्याचा फोन आला. "वहिनी, वर्षाच्या आत समुद्रावर फिरायला? लोक काय म्हणतील?"

"राजवाडा बघायला चाललोय गं, पोहायला नाही," आई म्हणाली.

माझ्या मनात मात्र धास्ती बसली. मी तशीही साधी मेल चार वेळा वाचून पाठवणारी. हवाईत पाहुण्याच्या गळ्यात फुलांचा हार घालतात, त्याला लेई म्हणतात, आणि तो नाकारणं अपमानाचं समजतात, असं मी वाचलं होतं. बाबा गेल्यापासून आईनं फूल माळलेलं नाही. परक्या माणसांत तिच्यावर नको म्हणायची पाळी येऊ नये, म्हणून आम्ही जिथे खोली घेतली होती त्या घरमालकीण बाईंना मी आधीच कळवून टाकलं: माझी आई विधवा आहे, आमच्या रीतीप्रमाणे तिला हार घालू नका. कळवल्यावर फार हलकं वाटलं. आपण आईला जपतोय असं वाटलं.

नूअर्कहून होनोलुलूला थेट विमान आहे. प्रवास अर्ध्या दिवसाचा आणि खायला मिळेल त्यावर विसंबू नका; आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शेवटच्या तासापर्यंत पुरली. विमानतळावरून सिटी बस स्वस्त आहे, पण तिच्यात मोठ्या बॅगा घेऊ देत नाहीत, तेव्हा टॅक्सीच करा. किनाऱ्यावरची हॉटेलं दाखवतात त्या भाड्यावर आणखी बरंच काही लावतात. डोंगराच्या उतारावरच्या जुन्या वस्तीत घरगुती खोली मिळाली तर बघा. आम्हाला मिळाली.

घरमालकीण पुआ सत्तरीच्या पुढच्या, नाकीडोळी नीटस, अनवाणी. "मला इथे सगळे आंटी म्हणतात," त्या म्हणाल्या. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मावशीच की." पुआ आंटींनी माझ्या गळ्यात पांढऱ्या चाफ्याचा हार घातला आणि गालाला गाल लावला. मग आईपुढे येऊन त्यांनी फक्त हात जोडले. आईनंही जोडले. सगळं मी कळवलं होतं तसंच झालं.

खोलीत आल्यावर आईनं माझ्या हाराकडे बघितलं. "अंगणातल्या झाडाचा दिसतोय," ती म्हणाली आणि पिशवीतून टॉवेल काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी राजवाडा. इओलानी पॅलेस शहराच्या मधोमध आहे, बस दारापर्यंत जाते. तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि आठवड्यातले बंद दिवस बघून घ्या. पाठीवरच्या मोठ्या सॅक आत नेता येत नाहीत. बाहेर हिरवळीवर माणसं खुर्च्या मांडत होती. संध्याकाळी कसलासा सरकारी समारंभ होता. बाजूला घुमटाचा छोटा मंडप आहे. तो राज्याभिषेकासाठी बांधला होता, आणि पुढे राज्यपालांचे शपथविधीही त्यात झाले. राजवाड्यावर झेंडा मात्र एकटा हवाईचाच. आईनं वर बघून विचारलं, "आणि अमेरिकेचा?" इथे लावत नाहीत, मी म्हणाले. तिनं मान हलवली.

पायऱ्या चढून गेल्यावर आईनं सवयीनं चपला काढल्या आणि हातात घेतल्या. दारावरची मुलगी धावत आली, "नो नो, मॅम, घालूनच ठेवा!" मग तिनं चपलांवरून चढवायच्या कापडी पिशव्या दिल्या, जुन्या लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून.

"देवळासारखी जागा आणि चपला घालून जायचं," आई पुटपुटली. "कमाल आहे बाई."

त्या पिशव्यांमुळे आत पावलांचा आवाज येत नाही. सगळे पाय घासत चालतात आणि आपोआप हळू बोलतात. मधोमध कोआ नावाच्या इथल्याच झाडाच्या लाकडाचा प्रशस्त जिना आहे. उजेड पडला की त्याचा रंग गुळाच्या पाकासारखा दिसतो. दरबारात लाल गालिचा, दोन सिंहासनं, सोनेरी पट्ट्यांचे पडदे. याच दालनात नाच होत आणि याच दालनात राणीवर खटला चालवला. कानाला लावायच्या यंत्रात सगळी माहिती इंग्रजीत होती. मी ऐकत होते आणि आईला कानाशी सांगत होते. लहानपणी हे उलटं होतं. बाबा धरणाच्या कॅम्पवर नोकरीला होते, जवळ शाळा नव्हती, तेव्हा तिसरीपर्यंत आईनंच मला स्वयंपाकघरात शिकवलं. इतिहास शिकवताना ती तारखा सोडून द्यायची आणि विचारायची, "मग त्या बाईचं पुढे काय झालं?"

आताही तिनं तेच विचारलं.

वरच्या मजल्यावर कोपऱ्यात ती खोली आहे. गादी उलथवल्यानंतर राणीला कित्येक महिने इथे ठेवलं होतं. खोलीत जवळजवळ काही नाही. काचेच्या पेटीत एक गोधडी आहे, राणीनं आणि तिच्या सोबतिणीनं कैदेत शिवलेली. रेशीम, मखमल, फितींचे तुकडे, त्यावर भरलेली नावं. एकही तुकडा दुसऱ्याच्या मापाचा नाही. आई वाकून टाके बघत राहिली. मागचे लोक येऊन पुढे गेले.

"नवरा?" तिनं विचारलं.

"ही गादीवर आली त्याच वर्षी गेला."

"आणि मग?"

"मग एकटीनंच राज्य केलं. हे सगळं त्यानंतरचं." मी यंत्राला कान लावला. "तिला वर्तमानपत्र देत नव्हते. पण बागेतली फुलं पाठवू देत होते. फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून यायची, त्यातून तिला बातम्या कळायच्या."

आई ताठ उभी राहिली. "फुलं देत होते म्हणजे," ती म्हणाली. "कैदेतसुद्धा."

बाहेर वडाच्या जातीच्या एका अवाढव्य झाडाखाली आम्ही बसलो. समोर खुर्च्यांच्या रांगा लागत होत्या. आईनं पायांकडे बघत विचारलं, "काल त्या बाईनं मला हार का नाही घातला?"

"मीच कळवलं होतं."

"काय कळवलं होतंस?"

मी सांगितलं. शब्द न शब्द सांगितला.

"तुझी आत्या म्हणाली असती तर मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं," ती म्हणाली. "तू कळवलंस. आणि मला विचारलं नाहीस."

"तुला नको म्हणावं लागू नये म्हणून..."

"नको म्हणायचं असेल तर मी म्हणेन की. तेवढं तरी ठेव माझ्याकडे."

मला रडू आलं. तिनं पर्समधून रुमाल काढून दिला, पण नेहमीसारखा पाठीवरून हात फिरवला नाही.

परतल्यावर मी पुआ आंटींना खरं ते सांगितलं. त्या पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. "मला विचित्रच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "माझा नवरा गेला त्या दिवशी लोकांनी मला इतके हार घातले की हनुवटी बुडाली. तुमच्याकडे नसेल तसं, म्हणून मी गप्प बसले." मी ते आईला मराठीत सांगितलं. आई त्यांच्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी दोघी अंगणातल्या झाडाखाली फुलं वेचत होत्या. आंटी लांब सुईनं ओवत होत्या. आई सुई बाजूला ठेवून दोऱ्याच्या गाठीत फुलं बांधत होती, गजऱ्यासारखी. आंटींनी तिच्या हातांकडे बोट दाखवून मला विचारलं, "हे कुठे शिकली?" आपला हार पुरा झाल्यावर आंटींनी तो दोन्ही हातांत धरला आणि या वेळी थेट आईला विचारलं, "मे आय?"

एवढं इंग्रजी आईला येतं. तिनं विचार केला. "टुडे नो," ती म्हणाली आणि ओंजळ पुढे केली. आंटींनी हार ओंजळीत ठेवला. कुणाचाही अपमान झाला नाही.

निघायच्या सकाळी आईनं आंटींच्या फ्रिजमध्ये ठेवलेला तो हार काढला, आरशासमोर स्वतः घातला आणि वरून स्वेटर चढवला. विमानतळावर सामानातली फुलंफळं तपासतात. चाफ्याला अडवलं नाही. तरी निघण्याआधी नियम बघून घ्या.

या सहलीची माहिती लागणाऱ्यांसाठी वर जमेल तेवढं लिहिलं आहे. माझ्याजवळ काय राहिलं, ते गेल्या शनिवारी कळलं. शेजारच्या मीना काकूंनी हळदीकुंकवाचा मेसेज केला: "तू ये गं. आईंना चालणार नाही ना?" मी नेहमीप्रमाणे "हो काकू, राहू दे" असं टाइप केलं होतं. पडद्याच्या दांडीवर आईनं टांगलेला हार सुकून तपकिरी झाला आहे, तो समोरच होता.

मी लिहिलेलं पुसलं आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"आई, मीना काकू तुझ्याबद्दल विचारतायत."

तिनं पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि फोन माझ्या हातातून घेतला. "जा तू," ती म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी."