थट्टेवर रागावलेला माणूस

गुंघीन वस्तीत रेडिओवाल्या उसेनी निकिएमाचं घर विचारलं, तर लोक आधी हसतात आणि मग हात करून दाखवतात. माणूस वाईट नाही. हातात कसब असं की तीस वर्षांत त्याच्याकडून मुकाच परत गेलेला ट्रान्झिस्टर कुणाला आठवत नाही. पण मत्सरी. बायकोनं शेजारच्या बोकडाला देखणा म्हटलं, तर हा दोन दिवस त्या बोकडाशी अबोला धरील. आणि अशा माणसाच्या नशिबी वस्तीतला एकुलता एक स्कूटरचा वायरिंगवाला आला तो झेर्बो. आणि वर जातीचा सामो.

आम्ही, उसेनीही त्यातलाच, मोसी जमातीचे, ते सामो. आमच्यात थट्टेचं नातं आहे, पणजोबांच्याही आधीपासूनचं. सामोनं आम्हाला गुलाम म्हणावं, ते कुत्रा खातात म्हणून आम्ही त्यांना कुत्र्याच्या मुंडीवरून छळावं, एकमेकांच्या बायका आपल्याच म्हणून मिरवाव्यात. मयताच्या घरीसुद्धा सूट नाही. रागवायचं मात्र नाही. थट्टेवर जो रागावला, त्याच्याकडे लोक तो भर चौकात कपडे काढून उभा असल्यासारखे बघतात.

तर हा झेर्बो अकरा वर्षं उसेनीच्या बायकोला, राकिएताला, 'माझी बायको' म्हणत होता. रस्त्यात, बाजारात, मशिदीच्या दारात. "गुलामा, माझ्या बायकोला नीट जेवू घालतोस ना? वाळलेली दिसतेय!" राकिएता पदर तोंडाला न लावता खदखदून हसायची आणि म्हणायची, "तुझ्या घरी आले तर कुत्र्याचा रस्सा खावा लागेल रे मेल्या!" लोक हसायचे. सगळ्यात मोठ्यानं उसेनी हसायचा. घरी आल्यावर मात्र ताट बाजूला सारायचा.

कारणं काय कमी होती? झेर्बो दहा वर्षांनी लहान, ताडमाड उंच. लोकांच्या हातात मोबाइल आले तसे रेडिओ माळ्यावर गेले आणि उसेनीची टपरी ओस पडली. झेर्बोकडे मात्र सकाळपासून स्कूटरींची रांग. त्यातली एक राकिएताची. ती घरोघर जाऊन नवऱ्यामुलींच्या वेण्या घालायची, भिशीच्या पैशातून तिनं ती लाल स्कूटर घेतली होती. ज्या माणसाला रेडिओतली केसासारखी तार जोडता येते, त्याची बायको आपली स्कूटर दुसऱ्याच्या हातात देते, हे उसेनीला सहन होत नव्हतं. नुसता जळायचा.

त्या रविवारी राकिएताच्या बहिणीकडे बारसं होतं. सकाळी सातला तिनं चावी फिरवली. दिवा नाही, हॉर्न नाही, बटण दाबलं तर गुरगुरही नाही. किक मारून मारून तिचा पाय दुखला.

"झेर्बोला हाक मारते," ती म्हणाली.

"खबरदार! घरात मी आहे ना?"

"अहो, दहाला पोचायचंय मला. मावशी आहे मी बाळाची, सगळं मलाच बघायचंय. बाळाचं डोकं भादरून होईल आणि मी इथेच बसलेली."

"नऊला चालू करून देतो."

उसेनी अंगणात कडुनिंबाखाली चटई टाकून बसला. फ्यूज जळाला होता. नवा घातला, चावी फिरवली, तोही गेला. म्हणजे कुठेतरी उघडी पडलेली वायर गाडीच्या लोखंडी बॉडीला लागत होती. आता फ्यूज जाळत बसण्यात अर्थ नव्हता. त्यानं फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. युक्ती साधी आणि नामी होती. वायर बॉडीला लागलेली असेतो बल्ब भगभगून पेटेल, आणि दोष सुटला की विझेल. चावी फिरवताच बल्ब पेटला.

मग एकेक करून त्यानं सगळं सोडवलं. हॉर्न काढला, बल्ब पेटलेलाच. मागचा दिवा काढला, तरी पेटलेलाच. आठ वाजले. राकिएता नवं निळं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली होती. शेजारची मिनाता आजी तुरीसारखी काहीतरी सोलत बसली होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं टिपत होती.

पुढचं कव्हर उघडल्यावर उसेनीला ती वायर दिसली. पिवळी. स्कूटरच्या मूळ वायरींत पिवळी त्या जागी नव्हतीच. कुणीतरी नंतर घातलेली, नेटकी, दर चार बोटांवर काळ्या टेपचा वेढा दिलेली. ती चावीच्या भोकापाशी गेली होती आणि तिथे वाटाण्याएवढा दिवा बसवलेला होता.

"हे काय?"

"दिवा," राकिएता म्हणाली. "लग्नघरातून यायला अंधार होतो, चावीचं भोक सापडत नाही. झेर्बोनं बसवून दिला. दोनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही कुठे कान देता, त्या रेडिओत डोकं घालून बसता."

उसेनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला अंधार होतो हे त्या सामोला ठाऊक, आणि आपल्याला नाही! ही किती वेळ उभी राहिली असेल त्याच्या टपरीवर? तो गुडघ्यावर बसून दिवा लावत असताना काय बोलली असतील दोघं? सापडला, चोर सापडला. त्यानं पक्कड उचलली आणि पिवळी वायर दोन्हीकडून कचाकच कापून अंगणात भिरकावली.

बल्ब होता तसाच पेटलेला राहिला.

मिनाता आजी खोकली. राकिएतानं ती तुटकी वायर उचलून ओट्यावर ठेवली. उसेनीनं परत एकदा बॅटरीपासून सुरुवात केली. नऊ वाजले, साडेनऊ झाले. घाम गळत होता आणि बल्ब डोळ्यांत खुपत होता.

आणि नेमका त्याच वेळी झेर्बो आला. त्यालाही बारशाचं आमंत्रण होतं. इस्त्रीचा पांढरा झगा, डोक्यावर टोपी.

"काय रे गुलामा! माझ्या बायकोची गाडी सोलून ठेवलीस? बकरा समजलास का?"

"कुत्र्याची मुंडी खाऊन आलास ना, मग गप उभा राहा," उसेनी हसत म्हणाला. ते हसू आणताना त्याचे गाल दुखले.

झेर्बो हसतच पुढे आला. वाकून बघायला त्यानं हँडलला हात टेकवला, आणि हँडल उजवीकडे वळलं. बल्ब विझला. त्यानं डावीकडे वळवलं. बल्ब पेटला. पुन्हा उजवीकडे. विझला.

अडीच तासांचं काम त्या माणसानं दोन बोटांनी केलं होतं, तेही झग्याला डाग न लावता.

"हँडलच्या मानेपाशी घासलीय रे वायर," झेर्बो म्हणाला. "टेप गुंडाळ, झालं." मग त्यानं ओट्यावरची पिवळी वायर पाहिली. क्षणभर थांबला, आणि थट्टेनंच सावरून नेलं. "ऊठ गं बायको, बस माझ्या मागे. हा गुलाम बाजरी कापणीला येईपर्यंत दुरुस्तीच करत बसणार!"

मिनाता आजी खुदकन हसली. राकिएताही हसली, आणि खरंच उठली. उशीर झाला होता तिला, दुसरं काही नाही.

"पुरे!" उसेनी ओरडला. हातातली पक्कड त्यानं जमिनीवर आपटली. "माझ्या अंगणातून चालता हो! अकरा वर्षं बघतोय मी. माझ्या बायकोवर डोळा आहे तुझा, आणि हिलाही ते गोड लागतं! पुन्हा इथे पाय ठेवलास तर तंगडी मोडीन!"

मिनाता आजीच्या हातातली शेंग हातातच राहिली. झेर्बोच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. तो वळला आणि निघून गेला.

राकिएता म्हणाली, "अकरा वर्षं ती थट्टा होती. आज तुम्ही मला सगळ्यांदेखत बट्टा लावलात." तिचा आवाज चढला नव्हता. निळं लुगडं सावरत ती चालतच बारशाला गेली. उसेनीनं टेप गुंडाळली, फ्यूज घातला. स्कूटर पहिल्याच बटणाला सुरू झाली, आणि तिच्यावर बसायला कुणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. उसेनी निकिएमा थट्टेवर रागावला! म्हातारे घरी येऊन बसले, त्यांनी मान हलवली आणि एवढंच म्हणाले, "कोलाच्या बिया घेऊन माफी मागायला जा." शुक्रवारच्या नमाजानंतर उसेनी पांढऱ्या कोलाच्या बिया आणि एक कोंबडा घेऊन झेर्बोच्या टपरीवर गेला. चार लोकांसमोर त्यानं माफी मागितली.

झेर्बोनं बिया दोन्ही हातांनी घेतल्या. "झालं गेलं विसरा, उसेनीदादा," तो म्हणाला.

"दादा काय म्हणतोस? गुलाम म्हण की!"

"नको दादा. चहा घेणार?"

"अरे कुत्र्याच्या मुंडीच्या!" उसेनी म्हणाला आणि आजूबाजूला बघून मोठ्यानं हसला. चौघांपैकी कुणीच हसलं नाही. झेर्बोनं त्याला बसायला स्टूल पुसून दिलं, पाहुण्याला देतात तसं.

तेवढ्यात राकिएता स्कूटरवरून कामाला निघालेली दिसली. टपरीपाशी वेग कमी झाला, नवऱ्याला बघून ती थांबली. झेर्बो उठून उभा राहिला.

"नमस्कार, वहिनी," तो म्हणाला, आणि त्याची नजर जमिनीकडे गेली.

"नमस्कार," राकिएता म्हणाली. तिनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला, आणि तिचीही नजर खाली गेली. मग ती स्कूटर सुरू करून निघून गेली, आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत झेर्बोनं मान वर केली नाही.

उसेनीच्या हातातला चहा निवत होता. सगळ्यांदेखत 'माझी बायको' म्हणत होता तेव्हा अकरा वर्षांत हा माणूस असा कधी लाजला नव्हता. आणि तीही नाही.