तुरीच्या धुऱ्यावरची तार

मुलीनं प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि जंगलात पायी फिरून वाघांच्या खुणा नोंदवायचं काम धरते म्हणाली. मी सेवाग्रामला दवाखान्यात नोकरी करते. रानातून जखमी माणसं कशी उचलून आणतात ते बघते. म्हणून त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कामांची चौकशी केली. वन्यजीवांच्या कामात जनावरांचे डॉक्टर लागतात, शाळांतून शिकवणारे लागतात, वकील, रोपवाटिका सांभाळणारे, संगणकावर जंगलाचे नकाशे करणारेही. नागपूरला नकाशाची जागा रिकामी होती. खुर्ची, पंखा, बंद होणारं दार.

"त्या नकाशातले ठिपके कोण आणून देते, माय?"

"आणू दे दुसऱ्याच्या पोरीले."

विषय तिथेच राहिला. हिवाळ्यात आम्ही दोघी माझ्या धाकट्या भावाकडे गेलो. त्याचं शेत जंगलाला लागून. सकाळी तो तूर दाखवायला घेऊन गेला. माझी नजर सारखी झाडीकडे.

"वाघ आला तर भाचीले पुढं करजो, बाई," भाऊ हसला.

धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडायला मी पाय उचलला आणि पोरीनं माझा दंड धरून मागे ओढलं.

"हालू नको."

गवतात मुंगूस मरून पडलं होतं. त्याच्या तोंडाशी बारीक तार. रानडुकरांसाठी इकडे रात्री शेताभोवती तारेत करंट सोडतात. विजेच्या खांबावर आकडा टाकायचा, उजाडताच काढायचा.

"मामा, आकडा काढला?"

"पहाटीच लाइन गेलती. काय काढाले लागते?"

"मंग शेजारची मोटर कायच्यानं चालून राह्यली?"

आम्ही तिघांनीही ऐकलं. पाणी ओढत होती. भाऊ खांबाकडे पळाला. मी माझ्या चपलांकडे बघत उभी राहिले. तार त्यांच्यापासून हातभरही दूर नव्हती.

"तुले कसं दिसलं?" मी विचारलं.

"खुणा पाहाची सवय आहे. नजर खालीच राह्यते."

भाऊ परत आल्यावर मी त्याला तार गुंडाळायला लावली आणि नको ते बोलले. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, इकडं सारेच लावते."

सारेच. म्हणजे तिच्या वाटेवरचं प्रत्येक शेत. इतके दिवस मी वाघाला भीत होते.

नागपूरच्या जागेचं मी पुन्हा काढलं नाही. वर्ध्याला एसटीतून उतरल्यावर आधी दुकानात शिरले आणि तिच्या मापाचे गमबूट मागितले.

"यानं करंट अडनच असं नाई, माय."

"माहीत आहे. घालून पाह्य."