चकल्या पाडणारा हात

आमची सून रेवती घरात आली तेव्हा रुखवतात एक पेटी होती. हेमलताला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं दागिने असतील. निघाले पाने, पक्कड आणि स्क्रू! दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमधलं एकही यंत्र तेव्हापासून सुखानं बसलेलं नाही. पंखा कुरकुरला, की बाईसाहेब स्टुलावर चढल्याच. रोज मेट्रोनं नोएडाला जाते. तिथे खोकी उचलणारे रोबो बनवते.

यंदा हेमाचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी जोर लावायला कायमची मनाई केली. दिवाळी तोंडावर आली आणि आमच्या सोसायटीच्या सगळ्या मराठी घरांत चकल्या जातात त्या हेमाच्या. तिनं सोऱ्या माळ्यावर टाकायला लावला. "यंदा दुकानातून मागवू," म्हणाली आणि आत निघून गेली.

रविवारी रेवतीनं ऑफिसातून मोडीत काढलेला एक रोबोचा हात आणला. टेबलाला घट्ट आवळला, खाली बाजारातून आणलेला दट्ट्याचा सोऱ्या पीठ भरून उभा केला. रोबोच्या हातानं दट्ट्या दाबला. मोटर घुं घुं करत तापली आणि गप्प झाली. चकली सोडा, शेवसुद्धा पडली नाही.

"लाखाचा हत्ती, मुंगीएवढाही जोर नाही!" मी खदखदून हसलो.

"अहो, हसू नका तिला," हेमा आतून ओरडली.

रेवतीनं मान खाजवली. "बाबा, चूक माझीच आहे यार. याला नुसतं ढकलायला लावलं. आई, तुमची ती फिरवायच्या दांडीवाली मशीन कुठंय?"

दिल्लीतच वाढलेली ती, तिला सोऱ्या हा शब्द काही येत नाही. मी माळ्यावर चढलो, पितळी सोऱ्या उतरवला.

"बघा," ती म्हणाली, "हा आतला स्क्रू खूप वेळा फिरतो तेव्हा जरासाच खाली सरकतो. म्हणून फिरवायला थोडा जोर पुरतो, पण खाली दाब प्रचंड पडतो. वर दांडी लांब, म्हणजे आणखी सोपं. आमच्या सगळ्या रोबोंच्या पोटात हेच असतं, बिल्कुल हेच."

हात दांडी फिरवू लागला. मोटर तीच, पण तक्रार नाही. खालून काटेरी पीठ उतरलं आणि एकाच जागी त्याचा ढीग झाला. गोल कोण फिरवणार?

"ताटलीला दुसरी मोटर लावते," रेवती पाना शोधू लागली.

"थांब गं." हेमा बाहेर आली, खुर्ची ओढून बसली आणि डाव्या हातानं ताटली फिरवू लागली. पहिली चकली वाकडी, दुसरी फाटकी. तिसरी अशी सुबक, की मी टाळीच वाजवली.

"हळू रे बाबा," ती त्या लोखंडी हाताला दटावत होती, आणि रेवती मुकाट्यानं वेग कमी करत होती. घरभर तळणीचा वास. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

शेवटचा घाणा निघाला तेव्हा रेवती म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी ताटलीला मोटर नक्की बसवते हं. तुम्हाला आराम."

हेमानं पिठाचं बोट तिच्यावर रोखलं.

"खबरदार! ताटली माझी."