मिलानच्या स्टँडवरची पोरगी

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — म्हणून तुम्ही कोणी मोठे लागून गेलात असं समजू नका. तुम्ही आमच्या मुर्री गावचे नाही, एवढाच तुमचा गुण.

मुर्रीत युरोप म्हणजे मी. जर्मनीत शिकायला होतो, सुट्ट्यांत पाठीवर पिशवी टाकून फिरलो, आणि परत आलो तो सर्वज्ञ होऊन. नाली कुठून काढावी — मला विचारा. धानावर कोणतं औषध मारावं — तेही मलाच, आणि मी शिकलो होतो खोक्यांचं पॅकेजिंग! गोंद्यात कोणी म्हणालं, "अरे, ये तो पूरा युरोप घूमके आया है," की मी मान खाली घालून लाजल्याचं सोंग करायचो. काय फिरलो होतो मी? पुलासमोर फोटो, चर्चसमोर फोटो, आणि उरलेला वेळ सुका पाव चघळत, रस्ता चुकेल म्हणून घाबरत. पण गावाला तेवढं पुरलं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात ना — ती गाय मी.

मिलानचं सांगायचं टाळतोय, कळतंय मला.

मिलानच्या स्टँडवर बस थांबली. मी लघवीला उतरलो. परत येतो तर बस गेलेली — आणि बसमध्ये माझी पिशवी, पिशवीत पासपोर्ट. खिशातला मोबाइल बंद पडलेला. मी बाकावर बसलो आणि रडलो. डोळ्यांत पाणीबिणी आलं असं नाही हो — हमसून हमसून, नाक गळेपर्यंत. एवढा घोडा, भरदुपारी, लोकांसमोर! लोक बघत होते आणि पुढे जात होते. थांबली एक पोरगी. पोलंडची, माझ्याहून लहान, एकटीच फिरत होती. तिनं आधी मला सफरचंद दिलं. मग चार्जर दिला. मग दंडाला धरून तिकिटाच्या खिडकीशी नेलं, तिथल्या माणसाशी कडाकडा भांडली आणि पुढच्या गावात माझी पिशवी उतरवून ठेवायला लावली. या सगळ्यात तिची स्वतःची गाडी चुकली. ती मला एकदाही हसली नाही. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

हे गावात सांगितलं? छे! गावात फोटो दाखवले.

आता प्रणाली. माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा हुशार — हे आमच्या घरात कोणी बोलत नसे, मला मात्र शाळेपासून माहीत होतं. तिला हॉलंडच्या कॉलेजात जागा मिळाली. मातीचा अभ्यास करायला, स्कॉलरशिपसकट. काका तयार होते. गोंद्याहून चाकांची लाल बॅगसुद्धा आणून झाली होती. फक्त मला विचारायचं राहिलं होतं.

अंगणात खाट टाकली. काकूनं चहा दिला. काका म्हणाले, "बाबू, तू तिथं राहून आला. आमाले काय समजते? पोरगी एकटी जाऊन राहिली. पाठवू का नाइ, तूच सांग."

प्रणाली दाराशी उभी होती. हसत होती ती — दादा आपलाच आहे ना!

एक शब्द लागत होता. 'पाठवा.' बस, एवढाच.

मी त्यांना मिलानची गोष्ट सांगितली. फक्त — बाकावर मी नव्हतो. बाकावर आपल्याकडची एक पोरगी होती. एकटी, सामान गेलेलं, हमसून हमसून रडणारी. कोणी ढुंकून बघत नव्हतं तिच्याकडे. सफरचंद दिलं ते मी. खिडकीवर भांडलो तो मी. काकूनं पदर तोंडाला लावला. काकांनी विचारलं, "तू नसता तं?"

मी खांदे उडवले. तेवढं मात्र तिकडे नीट शिकून आलो होतो.

काऊन केलं मी असं? ती गेली असती तर मुर्रीत दोन युरोप झाले असते. आणि ती खरं बघून आली असती — मग माझ्या फोटोंकडे कोणी वळून पाहिलं असतं? एवढंच कारण. याच्याहून मोठं, जरा शोभेलसं कारण मी पुष्कळ शोधलं, नाही सापडलं. काकांचाही राग येतो मला. एका फोटोवाल्याच्या तोंडावर भरवसा ठेवून पोरीचा जन्म बांधून टाकायचा? असा कसा भोळा माणूस! पण काका खोटं बोलले नव्हते, मी बोललो होतो.

प्रणाली आता जवळच्याच कुडवा गावात एका शाळेत शिकवते. स्कूटीनं जाते-येते. लाल बॅग तिच्या आलमारीवर आहे, तिच्यात थंडीच्या रजया भरल्यात. पोरांना सांगते, माझा दादा युरोप फिरून आला. त्या दिवशी ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं — पण तिनं माझं ऐकलं. खरं मानलं.

दर भाऊबीजेला मला ओवाळते. आणि ताट खाली ठेवता ठेवता, कधी कधी, मधेच विचारते, "दादा, ते मिलानची पोरगी... पोचली ना गा घरी?"

"पोचली," मी सांगतो. "मीच बसवून दिलं तिले गाडीत."